बसते न भाऊ!

बुलढाणा जिल्ह्यात दोन तऱ्हेची माणसं राहतात, घाटावरची आणि घाटाखालची. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली. बुलढाणा शहर घाटाच्या काठावर बसलेलं असल्यामुळे दोन्हीकडे पाहून घेतं. बोलण्याची ढब वेगळी, उन्हाळा वेगळा, पिकांचे हट्ट वेगळे. घाटाखाली मुलगी द्यायची म्हटलं की घाटावरच्या आजीला अजूनही मे महिना आठवतो. पण एका बाबतीत अख्ख्या जिल्ह्याचं एकमत आहे. नवी पिकप घेतली की कंपनीनं दिलेली चाकं तिला शोभत नाहीत.

कंपनीची चाकं म्हणजे साध्या पोलादी डिस्क. त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. त्यांच्या जागी पाहिजेत चकचकीत, आऱ्यांची, जमल्यास काळ्यात लाल रेघ असलेली अलॉयची ‘मॅकव्हील’. आणि टायर असे रुंद की गाडी मागून पाहिली तर पैलवानासारखी दिसावी.

माझ्या भाच्यानं दिवाळीला बोलेरो पिकप घेतली, १.७ टनाची. पूजा झाली, फाळक्यावर रेडियममध्ये ‘गण गण गणात बोते’ आलं, काचेवर मुलीचं नाव आलं, आरशाला काळा गोंडा लागला. मग चाकांचा विषय निघाला आणि घरात एकदम बारा तज्ज्ञ तयार झाले. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा धड नाही असे लोक ‘सतरा इंची टाक, सोळात मजा नाही’ म्हणू लागले. आपल्याकडे गाडी एकाची असते, चाकांबद्दलचं मत मात्र सातबाऱ्यावर सगळ्या भाऊबंदांचं असतं.

आता मुळात पिकप ही एक गाडी नव्हेच, दोन आहेत. सोमवार ते शनिवार ती सोयाबीन, मका, तूर, ढेप, खताची पोती, पत्रे, कधी म्हैस असं वाहते. रविवारी तीच गाडी धुऊन-पुसून शेगावला दर्शनाला, सैलानीच्या यात्रेला नाहीतर कुणाच्या हळदीला निघते. आमच्या आजोबांच्या काळी शेतकऱ्याकडे यासाठी दोन वेगळी वाहनं असत. ओझ्याला बंडी आणि पाहुण्या-रावळ्याला रेंगी. रेंगीची चाकं हलकी, बंडीची दणकट. रेंगीला ज्वारीची पोती लादायचा विचार कुणाच्या मनात येत नसे आणि बंडीला घुंगरं बांधून वऱ्हाडाला न्यायची वेळ आलीच, तर लोक दिवाळं निघालं का म्हणून विचारत. आता एकाच गाडीला दोन्ही करावं लागतं. यात वाईट काहीच नाही. अडचण एवढीच की चाकं निवडली जातात रविवारच्या गाडीसाठी आणि वापरली जातात सोमवारच्या गाडीवर.

बंडीचं चाक करणाऱ्या सुताराला यातलं सगळं कळत होतं. आस किती जाड, बैल कसे, रस्ता काळ्या रानातला की मुरमाडाचा, हे विचारल्याशिवाय तो लाकडाला हात लावत नसे. पुढचं काम लोहाराचं. तो लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित तोकडी ठेवायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, फुगली की सांडशीनं उचलून चाकावर उतरवायची आणि वरून घागरी रिकाम्या करायच्या. चर्रर्र करत धाव आवळत जायची, आरे आणि पुठ्ठे एकमेकांत रुतायचे आणि ते चाक पुढं वर्षानुवर्षं हलत नसे. त्या लोहारानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण धाव किती तोकडी ठेवायची हे त्याला चुकून कधी चुकलं नाही, कारण चुकली तर ती गावातच खुळखुळायची आणि लोक त्याच्या दारात येऊन ऐकवायचे.

आता खामगावकडच्या हायवेवर चाकांचं दुकान आहे. दुकानात भिंतभर चाकं लटकलेली, खाली दिवे सोडलेले. सराफाकडे गेल्यासारखं वाटतं. भाच्यानं एक चाक पसंत केलं. मी बरोबर होतो, कारण आमच्याकडे पैसे देणाऱ्याच्या सोबत एक न देणारा लागतो.

“गाडी कोणती हाय?” दुकानदार म्हणाला.

“बोलेरो पिकप.”

“बसते.”

“नटाचं माप जुळते का पण?”

“बसते न भाऊ.”

“अन् गार्डाले घासलं त?”

“काय घासत नाई. घासलंच त गार्ड थोडा वाकवून देऊ.”

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. चाक गाडीला बसत नसेल तर गाडी चाकाला बसवून देऊ, इतकी लवचीक सेवा बँकेतसुद्धा मिळत नाही.

मी म्हटलं, चाक जरा उलटं करा. तो दचकला. चाक उलटं करून पाहणारं गिऱ्हाईक बहुधा त्याला भेटलं नसावं. पोतं अंथरून त्यानं ते पालथं घातलं. मागच्या बाजूला धूळ आणि तेलाचा थर. ओल्या फडक्यानं पुसलं तर आऱ्याच्या पाठीवर बारीक उठावाची अक्षरं दिसली. १५ गुणिले ७ जे. ५ गुणिले ११४.३. ईटी ३५. आणि एका कोपऱ्यात, मॅक्स लोड ५६० किलो.

चाकाची सगळी कुंडली तिथं पाठीवर असते आणि तोंडावर फक्त पॉलिश असतं. १५ हा व्यास इंचात, ७ ही रुंदी इंचात, ‘जे’ हा कडेचा आकार, ज्यात टायरची कड बसते. ईटी म्हणजे चाकाच्या बरोबर मध्यापासून नट आवळायची बैठक किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. बैठक जितकी बाहेर, तितकं चाक गाडीच्या आत जातं. हा आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, उणे झाला की फारच बाहेर येतं. पाच नट आणि ११४.३ हे इनोव्हासारख्या गाड्यांचं माप. म्हणजे ज्या चाकाला दुकानदार मघापासून ‘बसते’ म्हणत होता, ते पोतं नव्हे तर पाहुणे वाहणाऱ्या जातीचं होतं.

यातलं ११४.३ हे ज्या वर्तुळावर नट बसवलेले असतात त्याचा व्यास. त्याला पीसीडी म्हणतात. चार किंवा सहा नटांचं चाक असेल तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी धरली की काम झालं. पाच नटांना समोर कुणीच नसतं. तिथं शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं आणि त्याला १.७०१ नं गुणायचं. भाच्यानं मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी आणली होती. शेजारचं अंतर ८२ मिलिमीटरच्या जरा वर भरलं तर पीसीडी १३९.७, ६७ च्या जरा वर भरलं तर ११४.३. आपल्या गाडीवर काय आहे ते आपल्या गाडीवरच मोजावं. दुकानदाराच्या तोंडचं, मेव्हण्याच्या तोंडचं आणि मोबाइलमधलं धरू नये.

१३९.७ हा आकडा विक्षिप्त दिसतो, पण ते नेमके साडेपाच इंच आहेत. विलीज जीपचं हे माप, पाच नट आणि साडेपाच इंच. त्याच जीपच्या जोडणीतून महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मोटारींच्या धंद्यात पाऊल टाकलं. मारुतीच्या जिप्सीचंही हेच माप. टोयोटाच्या हायलक्सला अंतर हेच, पण नट सहा. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-१५० ला सहा नट, पण अंतर १३५. आता १३५ आणि १३९.७ यांत पाच मिलिमीटरसुद्धा नाहीत. “तेवढ्यानं काय होते,” असं ऐकू येतंच. बांध वीतभर सरकला म्हणून जो माणूस बुलढाण्याच्या कोर्टात पिढीभर तारखा करतो, तो चाकाच्या बाबतीत मात्र एवढा उदार होतो की नट तिरका आवळून घेतो.

मधल्या मोठ्या भोकाचंही तेच. हबचा उंचवटा त्या भोकात घट्ट बसला तर चाक मध्यावर राहतं. भोक मोठं असलं तर चाक कुठं थांबायचं ते केवळ नटांवर सुटतं. गावात तीसच्या वेगानं काहीच कळत नाही. मेहकरला समृद्धी महामार्गावर चढून ऐंशीचा काटा गाठला की स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि चालक म्हणतो, रस्ताच खराब आहे. ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता सरकारनं बांधला तो आमच्या हबमधल्या फटीचा दोष घ्यायला.

नटांचंही एक शास्त्र आहे. कुणाची बैठक शंकूसारखी, कुणाची गोल, कुणाची सपाट वाशरवाली. पोलादी डिस्कचे नट अलॉयला चालतीलच असं नाही, अलॉयची बैठक जाड असते आणि आटे पुरत नाहीत. आवळायचे ते एकाआड एक, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा. हे सगळं मी बोलत असताना दुकानातला पोरगा चहा घेऊन आला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, तुमी इन्शुरन्सवाले का?”

पण पीसीडी, ईटी, नट हे सगळं जुळलं तरी त्या पाठीवरचा शेवटचा आकडा उरतोच. ५६० किलो. १.७ टनाची पिकप कागदाप्रमाणे भरली तर गाडीसकट वजन साडेतीन टनांच्या आसपास जातं. ओझं मागच्या आसावर जास्त असतं, म्हणजे मागच्या एकेका चाकाच्या वाट्याला टनभराहून जास्तच येतं. हे कागदाप्रमाणे. आमच्याकडे खळ्यावर गाडी कागद पाहून भरत नाहीत, ‘अजून दोन कट्टे बसतात’ म्हणत भरतात. मग ती राजूर घाटातून मलकापूरकडे उतरते. वळणावर सगळा माल एका अंगावर कलतो, वरून ब्रेक. त्या वेळी ५६० किलोचं ते देखणं चाक मनातल्या मनात कोणत्या देवाचं नाव घेत असेल ते त्यालाच ठाऊक.

जपानी प्रमाणाचा जेडब्ल्यूएल हा शिक्का अलॉय चाकांवर दिसतो, तो प्रवासी मोटारींसाठी. ट्रक आणि बससाठी वेगळा शिक्का आहे, जेडब्ल्यूएल-टी. मी तो त्या भिंतीवर शोधला. दुकानदार म्हणाला, “टी वालं मागवून देतो.” त्याच्या आवाजावरून त्याला ते टी-शर्टसारखं काहीतरी वाटलं असावं.

टायरचंही असंच. बाजूवर आकडे असतात त्यात शेवटी एक वजनाचा निर्देशांक असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११५ म्हणजे १२१५. दोन्ही टायर दिसायला सारखे काळे आणि गोल. रुंद टायर घेतला म्हणून तो जास्त ओझं उचलतो असं नाही. शेतातल्या पाणंद रस्त्यावर तर तो रुंदपणाच अंगाशी येतो. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकतो. रुंद टायर वरच्या वर तरंगतो, खाचांत माती लिंपून घेतो आणि गुळगुळीत होऊन जागेवर फिरतो. ईटी कमी करून चाकं बाहेर काढली असतील तर तो फिरताना उडवलेला चिखल दारावर, आरशावर आणि मदतीला ढकलायला आलेल्या चार सज्जनांवर बसतो. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताणही वाढतो, पण तो दिसत नाही. भेंडवळच्या अक्षय तृतीयेच्या घटमांडणीत पाऊस, पीक, भाव, राजकारण सगळ्याचं भाकीत होतं. पिकपच्या बेअरिंगचं अजून कुणी विचारलेलं नाही, पण विचारणाऱ्यांची संख्या पाहता लवकरच एक खड्डा त्यासाठी करावा लागेल.

मोठ्या चाकाची अजून एक गंमत वेगाच्या काट्यात आहे. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास काढला तर तो ७०३ मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याऐवजी २६५/७० आर १५ चढवला तर ७५२. म्हणजे चाक जवळपास सात टक्क्यांनी मोठं झालं. काट्यावर ऐंशी दिसतात तेव्हा गाडी पंच्याऐंशीच्या वर पळत असते. समृद्धीवर मालवाहू गाडीला ऐंशीची मर्यादा आहे. कॅमेरा फोटो काढतो, दंडाचा निरोप मोबाइलवर येतो आणि भाचा शपथेवर सांगतो, “मामा, काटा ऐंशीवरच होता.” तो खरंच बोलत असतो. किलोमीटरही कमी भरतात, म्हणून ऑइल बदलायची तारीख लांबते आणि गाडीचं मायलेज बिघडल्याची तक्रार सुरू होते.

परदेशातली पिकप ही वेगळी जात. अमेरिकेत कित्येक पिकपांच्या हौद्यात वर्षभरात एक सोफा आणि दोन सायकली एवढंच जातं. तिथं काही काळापूर्वी एक थाट निघाला, कॅरोलिना स्क्वॉट. गाडीचं नाक वर उचलायचं आणि बूड खाली बसवायचं. त्यासाठी लोक बरेच डॉलर मोजत. पुढं काही दिसेना, समोरच्याच्या डोळ्यांत दिवे जायला लागले, म्हणून नॉर्थ कॅरोलिना राज्यानं २०२१ मध्ये कायदा करून त्याला मनाई केली. आमच्याकडे कपाशीच्या हंगामात खामगावच्या रस्त्यावर संध्याकाळी उभं राहावं. येणारी प्रत्येक दुसरी पिकप याच थाटात असते. नाक आभाळाकडे, बूड डांबराला टेकलेलं, दिव्यांचा झोत कडुलिंबाच्या शेंड्यावर. एक डॉलर खर्च नाही. दहा-वीस गाठोडी जास्तीची घातली की झालं.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. टायरच्या नक्षीची खोली मोटारींना किमान १.६ मिलिमीटर लागते, हाही नियम आहे. म्हणून पासिंगचा दिवस आला की एमएच-२८ च्या आवारात पिकपा अचानक सोज्वळ दिसू लागतात. माळ्यावरच्या पोलादी डिस्क खाली उतरतात, गोंडे निघतात, हॉर्न नेमस्त होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे. त्या डिस्क टाकून दिलेल्या नसतात, हे ध्यानात घ्या. कुठंतरी आत मालकाला माहीत असतं की खरी चाकं कोणती.

या सगळ्यात ज्याचं मत कुणी घेत नाही तो म्हणजे फाट्यावरचा पंक्चरवाला. वास्तविक चाकांवर शेवटचा निकाल त्याचाच. चिखलीच्या पुढे एका फाट्यावर असा एक आहे. निंबाखाली कॉम्प्रेसर, पाण्याचं अर्धं पिंप, आणि बसायला ट्रकची जुनी सीट. त्यानं भाच्याचं सगळं ऐकून घेतलं. मग शेजारी पडलेली एक पोलादी डिस्क उचलली. तिची कड खड्ड्यात आपटून आत दबली होती. त्यानं ती ऐरणीसारख्या लोखंडाच्या तुकड्यावर टेकवली आणि मोठ्या हातोडीनं मोजून ठोके घातले. फिरवून पाहिली, अजून एक ठोका घातला. टायर चढवला, हवा भरली, कडेला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. मग कोपऱ्यातलं एक अलॉय दाखवलं. त्याला आतल्या बाजूनं नखाएवढी चीर. “हे आता देवाले वाहा,” तो म्हणाला. “पोलाद वाकते, हे फुटते. वाकलेलं मी सरळ करतो. फुटलेल्याले मुंबईचा कारागीर पायजे, अन् त्याच्याकडं जायले गाडी पायजे, अन् गाडीले चाक पायजे.”

इतकं मुद्देसूद मी विधानसभेच्या थेट प्रक्षेपणातही ऐकलेलं नाही.

भाचा दोन दिवस गप्प होता. मग तो शहाण्यासारखा वागला, म्हणजे त्याची बायको मध्ये पडली. तिनं हिशोब मांडला की चार मॅकव्हील आणि चार रुंद टायर यांच्या पैशांत रब्बीचं बियाणं, खत आणि मुलीच्या शाळेची फी निघते. शेवटी तडजोड झाली. चाकं कंपनीच्याच मापाची पोलादी राहिली. त्यांना भट्टीत भाजून काळा रंग चढवला, कडेला बारीक लाल पट्टी ओढली, नटांवर चमकत्या टोप्या बसवल्या. टायर जास्त वजनाच्या निर्देशांकाचे घेतले, रुंदी तीच ठेवली. लांबून पाहिलं तर अलॉयच वाटतात. जवळून पाहायला आपल्याकडे कुणी थांबत नाही, पिकपच्या मागं धूळच एवढी असते. मेव्हण्यानं एकदाच विचारलं, सतरा इंची का नाही टाकली म्हणून. भाच्यानं त्याला गाडी उलटी करून आकडे दाखवतो म्हटल्यावर तो विषय तिथंच संपला.

उरलेल्या पैशांचं काय करायचं हा प्रश्न मात्र फार वेळ टिकला नाही. लग्नसराई तोंडावर होती. भाचा साउंडवाल्याकडे गेला. दोन मोठे बेस, चार टॉप, ॲम्प्लिफायर, वरून जनरेटर. साउंडवाल्यानं वही काढली, पेन्सिल कानावरून घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गाडी किती टनाची हाय? मागच्या चाकावर किती वजन झेपते, ते सांगा पहिले.”